अडत दुकानातला जुना कीबोर्ड घरच्या घरी पुन्हा कामाला कसा लावायचा

सांगलीच्या मार्केट यार्डातली अडत दुकानं, पेठेतल्या पतसंस्था, टायपिंग इन्स्टिट्यूट, कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्यांची टेबलं. या सगळ्या ठिकाणी टकटक आवाज करणारे जड कीबोर्ड अजून सापडतात. त्यातले बरेचसे टीव्हीएस गोल्ड. संगणक दोन-तीनदा बदलला तरी कीबोर्ड तोच राहिलेला असतो. मग एक दिवस नंबर पॅडचं एंटर चालेनासं होतं, कोणीतरी नवा हलका कीबोर्ड आणतं आणि जुना माळ्यावर किंवा भंगारात जातो.

हा कीबोर्ड सहसा मेलेला नसतो. त्याची वायर मुळाशी तुटलेली असते, बटणाखालचा एखाद-दुसरा स्विच मळलेला असतो किंवा सोल्डरचा, म्हणजे वितळवून लावलेल्या धातूचा, एखादा जोड सुटलेला असतो. नवशिके मात्र पहिल्याच दिवशी सगळा कीबोर्ड खोलतात, तेल घालतात आणि चालणाऱ्या शंभर स्विचांपैकी दहा बिघडवून बसतात. म्हणून आधी दोष शोधायचा, मग स्क्रूला हात लावायचा. पुढची सगळी कामं याच क्रमाने दिली आहेत.

हातात आलेला कीबोर्ड कोणता

स्क्रोल लॉकसारखं कमी वापराचं एक बटण दोन बाजूंनी धरून सरळ वर ओढा. अक्षर छापलेली टोपी, म्हणजे कीकॅप, निघून येते. खाली अधिकच्या चिन्हासारखा प्लॅस्टिकचा खुंट दिसला तर स्विच चेरी एमएक्स पद्धतीचा आहे. याला सुटे स्विच आणि कीकॅप आजही मिळतात. खुंटाच्या जागी आडवी लांबट खाच दिसली तर तो आल्प्स पद्धतीचा. त्याचं साफसफाईचं तंत्र बरंचसं हेच, पण सुटे भाग मिळणं अवघड. खाली रबराची घुमटी दिसली तर तो मेम्ब्रेन कीबोर्ड आहे आणि हा लेख त्याच्या कामाचा नाही.

खुंट निळा असेल तर तो आवाजवाला स्विच. टीव्हीएस गोल्डमध्ये हाच असतो. तो कसा चालतो हे नीट समजून घ्या, कारण अर्धं निदान त्यातच आहे. निळ्या खुंटाभोवती एक पांढरी कडी सैल अडकवलेली असते. बटण साधारण २.२ मिमी खाली गेलं की ही कडी झटक्यात खाली उडी मारते, तोच ‘टक्’. पूर्ण प्रवास ४ मिमीचा. अक्षर उमटवण्याचं काम मात्र कडी स्वतः करत नाही. ते शेजारच्या दोन पातळ धातूच्या पट्ट्या करतात. कडी खाली सरकली की त्या एकमेकींना टेकतात. म्हणजे आवाज आणि अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टक् येतो पण अक्षर येत नाही, तर दोष पट्ट्यांत किंवा त्यापुढच्या जोडात आहे. अक्षर येतं पण टक् येत नाही, तर कडी चिकटली आहे. चहा सांडलेल्या कीबोर्डमध्ये हे दुसरं फार दिसतं. साखरेचा पाक वाळून कडी खुंटाला धरून ठेवतो.

आता टोप्यांच्या मधून टॉर्च मारून आत बघा. स्विच धातूच्या पत्र्यात बसवलेले आहेत, की थेट सर्किट बोर्डावर? पत्रा नसेल तर स्विच न काढता जागेवर उघडता येतो. पत्रा असेल तर स्विचच्या वरच्या झाकणाचे काटे पत्र्यात अडकलेले असतात आणि सहसा डीसोल्डर केल्याशिवाय, म्हणजे स्विचच्या पायांची सोल्डर वितळवून काढल्याशिवाय, झाकण निघत नाही. हे आत्ताच कळलं म्हणजे पुढे कुठे किती जोर लावायचा ते ठरतं.

खोलण्याआधीची तपासणी

गोल जाड पिनवाली पीएस/२ वायर असेल तर संगणक पूर्ण बंद करून ती लावा, मग संगणक सुरू करा. पीएस/२ चालू संगणकात लावायची नसते. एक तर कीबोर्ड ओळखला जात नाही, आणि जुन्या बोर्डांवर पोर्टच जायची भीती असते. नव्या लॅपटॉपला लावायचा असेल तर नुसता जांभळा-हिरवा अडॅप्टर पुरत नाही. तो फक्त पिनांचा आकार बदलतो. जुन्या कीबोर्डला यूएसबीची भाषा येत नसेल तर आत छोटी चिप असलेला पीएस/२ ते यूएसबी कन्व्हर्टरच लागतो. ‘कीबोर्ड मेला’ म्हणून टाकलेले कितीतरी कीबोर्ड या अडॅप्टरमुळेच टाकलेले असतात.

नोटपॅड उघडा आणि प्रत्येक बटण सावकाश १० वेळा दाबा. दहापैकी किती वेळा उमटलं ते कागदावर कीबोर्डचं चित्र काढून त्याच जागी लिहा. शिफ्ट, कंट्रोल आणि एफची बटणं कीबोर्ड तपासणाऱ्या एखाद्या वेबसाइटवर बघा. चित्र भरलं की दोष डोळ्यांना दिसू लागतो.

एकच बटण मेलं असेल तर दोष त्या स्विचमध्ये किंवा त्याच्या दोन जोडांत. एकदा दाबून दोनदा अक्षर येतं, तर पट्ट्या मळल्या आहेत. पाच-सात बटणं एकदम मेली असतील तर दोष सामाईक आहे. बोर्डावरचा एखादा ट्रॅक, म्हणजे तांब्याची रेघ, तुटलाय किंवा गंजलाय. अशी बटणं नेहमी एका सरळ ओळीत असतीलच असं नाही, कारण आतली जोडणी बाहेरच्या मांडणीप्रमाणे नसते. काहीच चालत नाही आणि नम लॉकचा दिवाही लागत नाही, तर वायर. वायर हलवली की दिवा लागतो-विझतो, तर नक्कीच वायर.

टोप्यांची झीजही बघा. हिशेबाच्या टेबलावरच्या कीबोर्डमध्ये नंबर पॅडचं एंटर, शून्य आणि टॅलीतली एफ ५, एफ ८, एफ ९ गुळगुळीत होऊन चमकत असतात. इन्स्क्रिप्ट या मराठी मांडणीवर दिवसभर टाइप झालं असेल तर हलन्तची डी, कान्याची ई आणि र ची जे. जिथे चमक जास्त तिथला स्विच सगळ्यात थकलेला. ही चमक घालवता येत नाही, कारण ती मळ नसून घासून गेलेलं प्लॅस्टिक आहे. पॉलिश, टूथपेस्ट, बारीक सँडपेपर काही लावू नका, अक्षर जाईल.

काय काय लागेल

आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, १०० मिली. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी असतं आणि बहुधा ग्लिसरीनही, ते आत चिकटून राहतं. मऊ दातांचे दोन जुने टूथब्रश, रंगकामाचा १ इंची ब्रश, कापसाच्या काड्या, भांडी घासायचं लिक्विड, फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, टोकदार चिमटा, मल्टिमीटर. सोल्डरिंगसाठी २५ वॅटची साधी इस्त्री (सोल्डरिंग आयर्न), ०.८ मिमी जाडीची ६०/४० सोल्डर वायर, वितळलेली सोल्डर ओढून घेणारा डीसोल्डर पंप आणि सोल्डर नीट धरावी म्हणून थोडा फ्लक्स. स्टॅबिलायझरसाठी, म्हणजे मोठ्या बटणांखालच्या तारेच्या आधारासाठी, सिलिकॉन ग्रीस, एवढंच वंगण. डब्ल्यूडी-४०, शिलाई मशीनचं तेल, खोबरेल यातलं काहीही स्विचमध्ये जाऊ द्यायचं नाही. तेल धूळ धरतं आणि महिन्याभरात आत काळी पेस्ट होते. पट्ट्यांवर ती बसली की स्विच गेला.

टोप्या काढायचा तारेचा पुलर नसेल तर दोन मोठ्या जेम क्लिप उघडून यू आकार द्या आणि टोकं आत किंचित वळवा. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांखाली अडकवून दोन्ही एकदम वर ओढा.

टोप्या काढणं आणि धुणं

आधी वरून सरळ फोटो काढा. टोप्यांच्या प्रत्येक ओळीची उंची आणि उतार वेगळा असतो, त्या एकमेकींच्या जागी नीट बसत नाहीत. ओढताना सरळ वर. पिळलं किंवा एका बाजूने उचललं की टोपीच्या आतली नळी उभी चिरते. स्पेस, दोन्ही शिफ्ट, बॅकस्पेस, दोन्ही एंटर आणि नंबर पॅडचं अधिक व शून्य यांना खाली तारेचा स्टॅबिलायझर असतो. काहींत तार टोपीलाच अडकलेली असते. ती दिसली तर टोपी थोडी उचला, चिमट्याने तार खाचेतून सोडवा आणि मगच पूर्ण काढा.

सगळ्या छोट्या टोप्या लसणाच्या जाळीच्या पिशवीत भरा. २ लिटर कोमट पाण्यात एक चमचा भांड्याचं लिक्विड घालून पिशवी दीड-दोन तास बुडवून ठेवा, मधूनमधून हलवा. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम. उकळत्या पाण्याने स्पेसबारसारखी लांब टोपी वाकते. नंतर एकेक टोपी ब्रशने घासून, साध्या पाण्यातून काढून, पोकळ बाजू खाली करून कापडावर २४ तास वाळवा. आतल्या नळीच्या खाचेत पाणी अडून राहतं, म्हणून ठेवताना प्रत्येक टोपी एकदा झटका.

आता सांगलीची खास अडचण, हळद. यार्डातल्या कीबोर्डमध्ये ती सगळीकडे असते, टोप्यांच्या कडांना, अक्षरांच्या खोबणीत, खालच्या पत्र्यावर पिवळट थरासारखी. साबणाच्या पाण्यात टाकल्यावर डाग एकदम लालसर झाले तर घाबरू नका. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, तसंच हे. साबण क्षारधर्मी असतो आणि हळदीचा रंग क्षाराने लाल होतो. स्वच्छ पाण्याने धुतलं की तो परत पिवळ्याकडे येतो. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. त्यामुळे कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल घेऊन पुसलं की बराचसा निघून येतो. मात्र आधी स्क्रोल लॉकच्या टोपीवर करून बघा. लेसरने कोरलेलं अक्षर टिकतं, वरून छापलेलं अक्षर अल्कोहोलने पुसलं जाऊ शकतं. जे डाग तरीही उरतील ते उन्हात ठेवा. हळदीचा रंग प्रकाशात उडतो, दोन-तीन दिवसांच्या उन्हात फिकट होतो. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर यांना हातही लावू नका. एबीएस प्लॅस्टिक त्यात विरघळतं.

आतली सफाई

टोप्या निघाल्यावर कीबोर्ड उलटा धरून पाठीवर थापटा. बेदाण्याचे देठ, स्टेपलर पिना, झुरळाची अंडी, सगळं खाली पडतं. मग कोरड्या ब्रशने स्विचांमधल्या गल्ल्या झाडा आणि व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळी शेजारी धरा. हवेचा फवारा मारायचा तर आडवा मारा. खुंटावर सरळ मारला की धूळ स्विचच्या आतच ढकलली जाते. चिकट डागांवर अल्कोहोलने ओला केलेला ब्रश चालवा. ओला म्हणजे ठिबकणारा नव्हे.

केस उघडायची ती बोर्डाच्या मागच्या बाजूला जायचं असेल तरच. स्क्रू मागे असतात, एखादा लेबलखाली लपलेला असतो. लेबलवर बोट दाबत नेलं की खड्डा लागतो. स्क्रू निघाले तरी पुढच्या कडेला प्लॅस्टिकचे काटे धरून असतात. तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसू नका, जुनं एटीएम कार्ड सरकवा. आत वायरचा एक छोटा कनेक्टर असतो, तो प्लॅस्टिकला धरून ओढायचा, तारांना धरून नाही.

मळलेला स्विच, सोल्डर न काढता

दोनदा उमटणारं किंवा अधूनमधून चालणारं बटण आधी असं बघा. कीबोर्ड संगणकापासून सोडवा. काडीने खुंट खाली दाबून धरा आणि खुंटाच्या कडेने आयसोप्रोपिलचे २ ते ३ थेंब सोडा. लगेच खुंट ५० वेळा भराभर दाबा. कीबोर्ड तिरका उलटा करून तासभर ठेवा, म्हणजे सुटलेला मळ बाहेरच्या बाजूला येईल. निकाल त्याच दिवशी धरू नका. ओलं असताना स्विच छान चालतो आणि वाळल्यावर मळ परत पट्टीवर बसतो, असं पुष्कळदा होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा वेळा दाबून बघा. दोनदा करूनही सुधारणा नसेल तर तिसऱ्यांदा अल्कोहोल घालण्यात अर्थ नाही.

टक् हरवलेल्या स्विचसाठी, पत्रा नसेल तर झाकण जागेवरच उघडा. स्विचच्या दोन बाजूंना प्रत्येकी दोन काटे असतात. दोन बारीक सपाट स्क्रूड्रायव्हर दोन्ही बाजूंनी लावून काटे एकदम बाहेर ढकलले की झाकण वर येतं. हे काम परातीत ठेवून करा, स्प्रिंग उडते आणि फरशीवर सापडत नाही. खुंट आणि पांढरी कडी वेगळी करून कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, परत बसवा. आत दिसणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना चिमटा लागू देऊ नका. केसभर वाकली तरी बटण कायमचं दाबलेलं राहतं किंवा कधीच उमटत नाही. कडीला ग्रीस लावू नका, टक् बोथट होतो.

स्विच बदलणं

बदलण्याआधी मीटर लावा. कन्टिन्युइटीवर, म्हणजे टोकं जोडली गेली की बीप देणाऱ्या सेटिंगवर, ठेवून बोर्डाच्या मागून त्या स्विचच्या दोन्ही पायांना टोकं टेकवा आणि बटण दाबा. दाबल्यावर बीप येतो आणि सोडल्यावर थांबतो, तर स्विच चांगला आहे, दोष जोडात किंवा ट्रॅकमध्ये. बीप येतच नाही, तर स्विच गेला. मध्येच येतो, तर मीटर ओहमवर घ्या. चांगल्या स्विचचा आकडा मीटरच्या तारा एकमेकींना टेकवल्यावर दिसतो तेवढाच, फार तर एखादा ओहम जास्त. आकडा २०, ८०, ३५ असा नाचत असेल तर पट्ट्या संपल्या.

जोडाचा दोष असेल तर काम दोन मिनिटांचं. जुन्या सोल्डरभोवती बारीक गोल भेग दिसते, भिंगातून नीट कळते. थोडा फ्लक्स लावून, इस्त्री २ सेकंद टेकवून, ताज्या सोल्डरचा कण द्या.

स्विच काढायचा असेल तर:

१. जुन्या जोडावर आधी थोडी नवी सोल्डर घाला. उलटं वाटेल, पण जुनी सोल्डर मळकट असते आणि नीट वितळत नाही. नवी मिसळली की सगळी एकदम पातळ होते.

२. इस्त्री २ ते ३ सेकंद टेकवा, सोल्डर चमकली की लगेच पंप मारा. तापमान बदलता येणारी इस्त्री असेल तर ३३० ते ३५० अंश सेल्सिअस.

३. पाय चिमट्याने हलवून बघा. तो भोकात मोकळा हलला पाहिजे. एका बाजूने चिकटलेला असेल तर पहिल्या पायरीपासून पुन्हा. जोर लावून ओढायचं नाही.

४. दोन्ही पाय मोकळे झाले की पुढून स्विच उचला. पत्रा असेल तर स्विचचे वरचे-खालचे काटे आत दाबून मग उचला.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे तांब्याची चकती उखडणं. अनेक जुन्या कीबोर्डचा बोर्ड एकतर्फी असतो, तांबं फक्त मागच्या बाजूला आणि नुसत्या गोंदाने चिकटलेलं. पाच-सहा सेकंद इस्त्री धरली की गोंद सुटतो आणि पाय ओढताना चकती सोबत येते. असं झालं तर घाबरून जाऊ नका. नवा स्विच बसवा, त्याच्या पायापासून त्याच ट्रॅकवरच्या पुढच्या जोडापर्यंत बारीक इन्सुलेटेड तार टाका आणि मीटरने बीप बघा. दिसायला बरं नाही, पण वर्षानुवर्षं चालतं.

नवा स्विच घेताना पाय मोजा. चेरी पद्धतीच्या स्विचला धातूचे दोन पाय असतात. काहींना मधल्या जाड खुंटीखेरीज बाजूला आणखी दोन प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्यांना पाच पिनी म्हणतात. पत्रा नसलेल्या बोर्डाला पाच पिनीच घ्या, नाहीतर स्विच तिरका बसतो. बोर्डात जादा भोकं नसतील तर त्या दोन खुंट्या नेलकटरने छाटून तोच स्विच चालतो.

नवा स्विच आणण्याआधी आणखी एक वाट आहे आणि ती जास्त चांगली. त्याच कीबोर्डमधले स्क्रोल लॉक आणि पॉज हे स्विच जवळपास कोरे असतात. ते काढून नंबर पॅडच्या एंटरखाली आणि इतर थकलेल्या जागी लावा, आणि बाजारातला नवा स्विच स्क्रोल लॉकला द्या. वेगळ्या कंपनीच्या निळ्या स्विचचा दाब आणि आवाज थोडा निराळा असतो. रोज हजार वेळा दाबायच्या एंटरखाली तो फरक बोटाला टोचत राहतो, स्क्रोल लॉकखाली कोणाला कळतही नाही.

सोल्डरमध्ये शिसं असतं. खिडकी उघडी ठेवा, धूर तोंडावर येऊ देऊ नका, काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

वायर

वायर बहुधा केसमधून बाहेर पडते त्याच जागी तुटते, आणि गोदामात ठेवलेल्या कीबोर्डची उंदीर कुरतडतो. आतला कनेक्टर सोडवून मीटरने प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत तपासा. पीएस/२ च्या सहा पिनांपैकी चारच कामाच्या असतात: १ वर डेटा, ३ वर ग्राउंड, ४ वर ५ व्होल्ट, ५ वर क्लॉक. तुटलेला भाग कापून जोड द्यायचा तर प्रत्येक तारेवर वेगळी श्रिंक ट्यूब, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा आणि चारही जोड एकाच जागी न देता एकेक सेंटिमीटर पुढे-मागे द्या. दुसऱ्या कीबोर्डची वायर वापरायची असेल तर रंगावर विश्वास ठेवू नका. लाल म्हणजे ५ व्होल्ट असेलच असं नाही, प्रत्येक तार मीटरनेच ओळखा. ५ व्होल्ट आणि ग्राउंड उलटे लागले की आतली कंट्रोलर चिप जाते, आणि ती बाजारात सुटी मिळत नाही. बाहेर ताण येऊ नये म्हणून केसच्या आत वायरला एक केबल टाय घट्ट बांधा.

स्टॅबिलायझर

स्पेसबार खडखडतो किंवा एका टोकाला अडकतो तो वाळलेल्या ग्रीसमुळे. जुनं ग्रीस अल्कोहोलने पूर्ण पुसा, तार काचेवर ठेवून सपाट आहे का बघा, वाकलेली असेल तर बोटांनीच सरळ करा. मग तारेच्या दोन्ही टोकांना तांदळाच्या दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस. स्विचपासून लांब.

पिवळा पडलेला पांढरा कीबोर्ड

काळ्या कीबोर्डला याची गरज नाही. क्रीम रंगाची केस उन्हाने आणि वर्षांनी पिवळी पडली असेल तर ती हळदीसारखी पुसून निघत नाही, कारण प्लॅस्टिकच बदललेलं असतं. मेडिकलमध्ये मिळणारं ६ टक्क्यांचं, म्हणजे २० व्हॉल्यूमचं हायड्रोजन पेरॉक्साइड उथळ पारदर्शक डब्यात घ्या. धुतलेली केस किंवा टोप्या त्यात पूर्ण बुडवा आणि उन्हात ४ ते ६ तास ठेवा. तासातासाने पालटा, भाग वर तरंगला की तिथे पट्टा उमटतो. डब्याचं झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. एप्रिलच्या उन्हात डबा फार तापला तर सावलीत घ्या. काही वर्षांनी पिवळेपणा थोडा परत येतो, त्यामुळे कीबोर्ड चालू करण्याच्या आड हे काम येऊ देऊ नका.

पुराच्या पाण्यात गेलेला कीबोर्ड

२००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा संगणकांबरोबर कीबोर्डही बुडाले. असा कीबोर्ड ओला असताना कधीही संगणकाला लावून बघू नका. पाण्यापेक्षा गाळ वाईट. तो पिठासारखा बारीक असतो, स्विचच्या आत जातो आणि वाळला की सिमेंटसारखा बसतो. म्हणून वाळू देण्याआधी धुवायचा, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. टोप्या आणि केस काढा, बोर्ड नळाच्या हलक्या धारेखाली धरून प्रत्येक खुंट दाबत गाळ बाहेर काढा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच, २ लिटर पुरतं. मग सगळीकडून अल्कोहोल फिरवा आणि उभा ठेवून वाळवा.

ऑगस्टच्या दमट हवेत नुसतं ठेवून वाळत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात ४० वॅटचा पिवळा बल्ब फूटभर अंतरावर लावून तीन-चार दिवस ठेवा, बल्ब पुठ्ठ्याला टेकू देऊ नका आणि घरात कोणी नसताना तो बंद ठेवा. तांदळात पुरून काही होत नाही, उलट पिठूळ कण आत जातात. वाळल्यावर बोर्डावर हिरवट गंज दिसला तर तो अल्कोहोल आणि ब्रशने घासून उघड्या तांब्यावर सोल्डरचा पातळ थर द्या. गाळ आत बसलेले स्विच मात्र धुऊन परत येत नाहीत. ते दहा-बारा असतील तर बदला. पन्नासच्या वर असतील तर हा कीबोर्ड टोप्या, केस आणि वायर यांच्यासाठी जपून ठेवा, दुसऱ्याला उपयोगी पडतील. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे चालली की वह्यांबरोबर कीबोर्डही वर ठेवा.

परत जोडताना

टोप्या बसवण्याआधीच नुसत्या खुंटांवर सगळी तपासणी पुन्हा करा, दोष राहिला असेल तर टोप्या दुसऱ्यांदा काढाव्या लागणार नाहीत. नळी चिरलेल्या टोपीला बाहेरून फेव्हिक्विकचा एक थेंब लावा, आत अजिबात नाही, आणि २४ तास स्विचवर बसवू नका. नाहीतर टोपी खुंटाला कायमची चिकटते. आधी स्टॅबिलायझरवाल्या मोठ्या टोप्या बसवा, मग फोटो बघत बाकीच्या, प्रत्येकीला मधोमध दाबून. केसचे स्क्रू आधी सगळे हलके लावा, मग एका आड एक घट्ट करा. जुन्या प्लॅस्टिकमध्ये स्क्रू उलटा फिरवत जुन्या आट्यांत ‘टप’ पडू द्या आणि मगच आवळा, नाहीतर तो नवी खाच पाडतो आणि पुढच्या वेळी धरत नाही.

मग कागदावरचं पहिलं चित्र समोर ठेवा आणि आठवडाभर नेहमीचं काम याच कीबोर्डवर करा. जुने दोष बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत डोकं काढतात. अल्कोहोलने सुधारलेलं एखादं बटण तेव्हा पुन्हा दोनदा उमटू लागलं तर त्याच्यावर खूण करा आणि तेवढाच स्विच बदला. बाकीच्यांना हात लावू नका.